एक कलावंत, अनेक नावे : रिचर्ड डी. जेम्स यांची सांगीतिक कारकीर्द आणि कर्तृत्वनिश्चितीचा प्रश्न

प्रस्तावना :
ताम्रपट असो, बखर असो वा खासगी पत्र असो, ते कोणी लिहिले हा प्रश्न इतिहासाचा अभ्यासक सर्वप्रथम विचारतो. कर्त्याचे नाव निश्चित झाले की काळ, हेतू आणि विश्वसनीयता यांचा विचार करणे सुलभ होते. परंतु कर्त्याने स्वतःच आपले नाव वारंवार बदलले असेल तर काय करावे? मराठी वाचकाला हा प्रश्न सर्वस्वी नवा नाही. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने केले. तेथे नाव बदलले की साहित्यप्रकार बदलतो, असे स्थूलमानाने म्हणता येते. ब्रिटनमधील स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक संगीतकार रिचर्ड डी. जेम्स यांच्या बाबतीत मात्र ही सोपी विभागणी अपुरी पडते. त्यांनी इतकी नावे का घेतली आणि त्यामुळे इतिहासकारापुढे कोणते प्रश्न उभे राहतात, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
जेम्स यांचा जन्म १८ ऑगस्ट १९७१ रोजी आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. त्यांचे बालपण मात्र इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील कॉर्नवॉल परगण्यात गेले. १९८० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक वाद्ये सामान्य तरुणाच्या आवाक्यात येऊ लागली होती. जपानच्या रोलँड कंपनीचे 'टीबी-३०३' हे यंत्र बाजारात अयशस्वी ठरले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले आणि त्यातूनच 'अॅसिड हाऊस' हा नृत्यसंगीताचा प्रकार घडला. घरातील खोलीतच ध्वनिमुद्रण करणे शक्य झाल्यामुळे मोठ्या कंपनीचा स्टुडिओ ही संगीतनिर्मितीची पूर्वअट राहिली नाही.

याच संगीतात अनामिकतेची प्रथाही रुजली होती. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे वान अॅटकिन्स यांनी १९८५ मध्ये 'मॉडेल ५००' या यंत्रवत नावाने आपले संगीत प्रसिद्ध केले होते. कोऱ्या लेबलाच्या तबकड्या विकल्या जात आणि श्रोता नावापेक्षा नादाला महत्त्व देई. जेम्स यांची बहुनामता या प्रथेतूनच आली आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

नावे आणि प्रकाशनसंस्था :
१९९१ मध्ये माइटी फोर्स या छोट्या संस्थेने जेम्स यांची 'अॅनालॉग बबलबाथ' ही तबकडी प्रसिद्ध केली. तिच्यावरील 'एफेक्स ट्विन' या नावातील पहिला शब्द ध्वनिप्रक्रियेची उपकरणे बनविणाऱ्या एका कंपनीच्या नावावरून घेतलेला आहे. त्याच वर्षी त्यांनी ग्रँट विल्सन-क्लॅरिज यांच्यासह 'रेफ्लेक्स' ही स्वतःची प्रकाशनसंस्था स्थापन केली. पुढील दोन-तीन वर्षांत त्यांच्या नावांची संख्या झपाट्याने वाढली. रेफ्लेक्सकडे 'कॉस्टिक विंडो' व 'ब्रॅडली स्ट्रायडर' ही नावे होती. 'पॅक-मॅन' या खेळातील ध्वनींवर आधारलेली १९९२ ची तबकडी 'पॉवर-पिल' या नावाने निघाली. बेल्जियमच्या आर अँड एस या संस्थेच्या अपोलो शाखेने त्याच वर्षी 'सिलेक्टेड अँबिएंट वर्क्स ८५-९२' हा संग्रह 'एफेक्स ट्विन' या नावाने काढला, तर १९९३ च्या प्रारंभी इंग्लंडच्या वार्प संस्थेकडून 'सर्फिंग ऑन साइन वेव्ह्ज' हा संग्रह 'पॉलिगॉन विंडो' या नावाने आला.

या तपशिलावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नावे बहुतांशी प्रकाशनसंस्थांशी निगडित होती. एकाच कलावंताला एकाच काळात अनेक संस्थांशी व्यवहार ठेवणे त्यामुळे सुकर झाले. संगीताचा बाज नावागणिक काही अंशी बदलतो हे खरे; परंतु ती सीमारेषा काटेकोर नाही. म्हणून या नावांकडे स्वतंत्र कलावंताने बाजारात स्वतःसाठी राखलेली मोकळीक म्हणून पाहणे अधिक योग्य ठरेल.

चेहऱ्याचा मुखवटा :
अनामिकतेच्या या परंपरेला जेम्स यांनी १९९५ नंतर एक विलक्षण वळण दिले. त्या वर्षीच्या संग्रहाच्या वेष्टनावर त्यांनी स्वतःचेच चित्र छापले. १९९६ च्या संग्रहाचे शीर्षक 'रिचर्ड डी. जेम्स आल्बम' असे असले, तरी कर्त्याच्या जागी 'एफेक्स ट्विन' हेच नाव होते. 'कम टू डॅडी' (१९९७) या ख्रिस कनिंगहॅम दिग्दर्शित चित्रफितीत तर मुलांच्या अंगावर जेम्स यांचाच चेहरा दिसतो. खरे नाव शीर्षकात आणि खरा चेहरा सर्वत्र असूनही माणूस मात्र दूरच राहिला. अशा रीतीने चेहरा हेच आणखी एक टोपणनाव बनले.

कर्तृत्वनिश्चितीचे प्रश्न :
पहिला प्रश्न कालनिर्णयाचा आहे. 'सिलेक्टेड अँबिएंट वर्क्स' च्या शीर्षकातील '८५' ग्राह्य धरल्यास त्यातील काही रचना कर्त्याच्या तेराव्या-चौदाव्या वर्षीच्या ठरतात. शीर्षक हा कर्त्याचा दावा असतो. त्याला स्वतंत्र पुराव्याची जोड मिळाल्याखेरीज तो सिद्ध मानता येत नाही.

दुसरा प्रश्न कल्पित कर्त्यांचा. २००७ मध्ये रेफ्लेक्सने 'द टस' या नावाने 'रशअप एज' ही कृती काढली आणि तिचे श्रेय ब्रायन व कॅरन ट्रेगास्किन यांना दिले. श्रोत्यांनी शैलीवरून खरा कर्ता ओळखला. २०१७ मध्ये उघडलेल्या एफेक्स ट्विनच्या अधिकृत संकेतस्थळावर ही कृती इतर कृतींबरोबर समाविष्ट झाली.

तिसरा प्रश्न लुप्त साधनांचा. 'कॉस्टिक विंडो' चा १९९४ मधील संग्रह चाचणीच्या मोजक्या तबकड्यांपुरता मर्यादित राहिला. रेफ्लेक्सच्या सूचीतील २३ हा क्रमांक त्याच्या अस्तित्वाची साक्ष देत राहिला. २०१४ मध्ये श्रोत्यांनी वर्गणी काढून त्यांपैकी एक प्रत मिळविली व तिचे अंकीय रूप वर्गणीदारांना उपलब्ध करून दिले. नंतर ती प्रत लिलावात ४६,३०० डॉलरला विकली गेली. सूचीतील एखादा रिकामा क्रमांकही पुरावा ठरतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथून शिकावे.

त्याच वर्षी 'सायरो' हा संग्रह आला व त्याला २०१५ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. परंतु सन्मानाच्या त्याच वर्षी जेम्स यांनी साउंडक्लाउडवर बेनामी खात्यातून दोनशेहून अधिक जुन्या रचना विनामूल्य प्रसृत केल्या. पुढे त्या खात्याला 'यूजर १८०८१९७१' असे नाव मिळाले. हे अंक म्हणजे त्यांचीच जन्मतारीख होय. येथे प्रकाशक नाही, सूची नाही, क्रमांकही नाही. तबकडीवर उमटलेला ठसा अभ्यासकाला जो आधार देत होता, तो येथे नाहीसा झाला.

निष्कर्ष :
जेम्स यांच्या बहुनामतेमागे डेट्रॉइटपासून चालत आलेली अनामिकतेची प्रथा, छोट्या संस्थांची व्यवहाररीत आणि प्रसिद्धीपासून अंतर राखण्याची वृत्ती अशी तीन कारणे संभवतात. इतिहासलेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. येथील साधने सरकारी दप्तरात वा विद्यापीठीय ग्रंथालयात सापडली नाहीत. ती श्रोत्यांनी जपली, पारखली आणि प्रसंगी पदरमोड करून वाचविली. समकालीन संस्कृतीचा इतिहास लिहू पाहणाऱ्या प्राध्यापकांनी या हौशी संग्राहकांना साधनांचे रक्षक मानावे आणि त्यांनी जमविलेले पुरावे शास्त्रीय चिकित्सेने तपासावेत. हे काम आज झाले नाही, तर कर्त्याने मागे ठेवलेली नावे उरतील आणि ती कोणाची होती हे सांगणारे कोणी उरणार नाही.