वास्तू बांधली, पण चालवायची कोणी?

जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा ही ठिकाणे आपल्या परिचयाची आहेत. सहलीला गेलेली मुले खांब मोजतात, चैत्यगृहाची कमान पाहतात आणि खाली उतरतात. भिंतींवरचे ब्राह्मी लेख बहुधा न वाचताच राहतात. ऊर्जाबचतीच्या विषयाची सुरुवात आम्ही या लेखांपासून करणार आहोत, कारण इमारतींविषयीची एक महत्त्वाची गोष्ट त्यांत नोंदलेली आहे.

या लेखांत कोणी काय दान दिले ते सांगितले आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. एका यवनाने भोजनमंडप दिला. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी पोढी आणि मंडप दिला. ही झाली बांधकामाची दाने. पण काही लेखांत वेगळ्या प्रकारचे दान दिसते. एका शकाने शेतांचे उत्पन्न श्रेणीकडे गुंतवले, ते करंज आणि वड लावण्यासाठी. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींकडील गुंतवणुकीचा उल्लेख आहे.

नाशिकच्या लेण्यात हा व्यवहार अधिक स्पष्ट होतो. नहपानाचा जावई उषवदात याने लेणे तर दिलेच, शिवाय ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, दिली. त्यांतले २००० एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण दराने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. २००० कार्षापणांचे व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. वर्षावासात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. हे गणित वर्गात घालून पाहावे. ते चोख जुळते.

वास्तू उभी करणे हे एक काम आणि ती चालती ठेवणे हे दुसरे काम. या दुसऱ्या कामालाही पैसा, माणूस आणि हिशेब लागतो, हे त्या दात्यांना ठाऊक होते. आज कोनशिलेवर उद्‌घाटकाचे नाव असते. इमारत रोज कोण चालवणार आणि त्यासाठी वेळ व पैसा कुठून येणार, याची नोंद सापडणे मात्र कठीण.

जुन्या वाड्यात हे काम घरातली माणसेच करीत. उन्हे चढली की खिडक्या लावायच्या, सांजवेळी उघडायच्या. विसाव्या शतकात बंद काचांच्या, वातानुकूलित कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि हे काम पंखे, पंप, झडपा आणि तापमान-नियंत्रक यांच्याकडे गेले. इमारत हेच एक यंत्र झाले, पण यंत्रासारखी तिची देखभाल कोणी करीना. १९७३ च्या तेलसंकटापर्यंत वीज आणि इंधन स्वस्त असल्याने त्याचे कोणाला फारसे वाटले नाही.

जहाजबांधणीत मात्र जुना रिवाज आहे. नवे जहाज समुद्रात चालवून, प्रत्येक यंत्रणा तपासूनच ताब्यात घेतात. हाच रिवाज पुढे इमारतींना लागू होऊ लागला. त्याला खरी कलाटणी मिळाली ती अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात. तेल कंपन्यांनी ग्राहकांकडून घेतलेला जादा पैसा परत मिळाला, त्यातून तेथे १९८८ साली सुमारे १० कोटी डॉलरचा कर्जनिधी उभा राहिला. सरकारी इमारतींत नवी, काटकसरी उपकरणे बसवण्यासाठी हा निधी होता. बचत खरोखर होते का, हे पाहण्यासाठी इमारतींना तासागणिक नोंद ठेवणारे मीटर जोडले. ते वाचताना टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या अभियंत्यांच्या लक्षात आले, की उपकरणे कशी आहेत यापेक्षा ती कशी चालवली जातात, यात बरीच ऊर्जा वाया जाते. माणसे घरी गेल्यावरही पंखे फिरत होते. एकच हवा आधी थंड केली जात होती आणि मग पुन्हा तापवली जात होती. नवे काही विकत न घेता, असलेल्याच यंत्रणेची घडी बसवण्याचे शास्त्र १९९० च्या दशकात तेथून पुढे आले.

याचा फायदा किती? बर्कलेच्या लॉरेन्स प्रयोगशाळेने २००९ साली ६४३ इमारतींची माहिती एकत्र करून अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या इमारतींत ऊर्जाबचतीचे मध्यक मूल्य १६ टक्के आले आणि खर्च साधारण १ वर्ष १ महिन्यात वसूल झाला. मध्यक म्हणजे निम्म्या इमारतींत बचत याहून जास्त आणि निम्म्यांत कमी, हे मुलांना जरूर सांगावे.

यामागचे विज्ञान शालेय आहे. बाहेर ३६ अंश सेल्सिअस आणि आत २० अंश असेल तर फरक १६ अंशांचा. आत २४ ठेवले तर फरक १२. भिंतीतून आत येणारी उष्णता तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते, म्हणून ती पाव हिश्शाने घटते. (उन्हाची आणि माणसांची उष्णता यात धरलेली नाही.) पंख्याचा नियम तर याहून रंजक आहे. त्याच वाहिन्यांतून हवा ढकलताना पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१२, म्हणजे वीज जवळजवळ निम्मी! हवा पाचव्या हिश्शाने कमी, वीज निम्म्याने कमी. गरजेपेक्षा जोरात चालणारा पंखा म्हणूनच फार महाग पडतो.

आपल्या देशात २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि २००२ साली ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. राष्ट्रपती भवनासह दिल्लीतील काही सरकारी इमारतींची ब्यूरोने तपासणी केली, तेव्हा २३ ते ४६ टक्के बचतीला वाव दिसला. त्यात नवी उपकरणे बसवण्याचे उपायही होते. २००७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली ती नव्या इमारतींसाठी. जुन्या कचेऱ्यांना विजेच्या प्रत्यक्ष वापरावरून तारे देण्याची योजना २००९ साली सुरू झाली. १ जानेवारी २०२० पासून खोलीची वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येऊ लागली. पण पुढे बटण दाबणारा हात आपलाच असतो.

जुन्नर-आंबेगावात काचेचे मनोरे नाहीत, हे खरे. पण बँका, पतसंस्था, रुग्णालये, मंगल कार्यालये आहेत. सातगाव पठार आणि मंचरचा परिसर बटाट्याचा. बियाण्याचा बटाटा शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवावा लागतो. साठवलेला बटाटा श्वसन करतो आणि उष्णता बाहेर टाकतो. त्यात दार उघडे राहिले की दमट हवा आत शिरते, तिच्यातल्या बाष्पाचा थर गार नळ्यांवर गोठतो, आणि बर्फ उष्णतेचा मंदवाहक असल्याने यंत्राला जास्त राबावे लागते. दाराची फाटलेली रबरी पट्टी बदलणे आणि बर्फ वेळेवर काढणे यांना फार पैसा लागत नाही. ते रोज आठवणीने पाहणारा माणूस लागतो.

या तालुक्यांत विजेचे मोल वेगळे सांगायला नको. उसात बिबट्याचा वावर असताना रात्री पाणी द्यायला जावे लागते, म्हणून शेतीला दिवसा वीज द्या, ही इथली जुनी मागणी आहे. कचेरीत वाचलेले युनिट आपोआप त्या शेतात पोचत नाही. पण भर दुपारी रिकाम्या खोलीत चालणारे यंत्र त्याच दिवसाच्या विजेवर चालते, एवढे तरी ध्यानात असावे.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. सायंकाळी ६ वाजता कुलूप लावताना मीटर वाचा आणि सकाळी ८ वाजता उघडताना पुन्हा वाचा. इमारत १४ तास रिकामी होती. नोंदीत १४ युनिटांचा फरक आला, तर कोणाच्याही उपयोगाचा नसलेला १ किलोवॉटचा भार रात्रभर चालू होता. मग शोध घ्या: पाणी थंड करणारे यंत्र, संगणक, विसरलेला दिवा, की गळक्या टाकीमुळे पुन्हा पुन्हा चालणारा पंप? त्यातला कोणता भार खरोखर गरजेचा, तेही ठरवा. आठ दिवसांच्या नोंदींचा आलेख काढा. असाच आलेख गावातल्या पतसंस्थेसाठीही काढता येईल.

आणि वाचलेल्या रकमेचे काय करायचे, हेही मुलांनाच ठरवू द्या. ती वेगळी ठेवून तिच्यातूनच पंख्यांची सफाई आणि गळक्या तोट्यांची दुरुस्ती केली, तर शाळेची एक छोटी अक्षयनीवी तयार होईल. तिची वही सांभाळायला मात्र दर वर्षी कोणीतरी नेमावे लागेल.