फॉस्फरस अनुस्पंदन वर्णपटदर्शन : रेडिओ क्षेत्राची दुरुस्ती

सजीव ऊतकातील (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहातील) फॉस्फरसयुक्त संयुगे शरीराला इजा न करता जागोजाग मोजताना, रेडिओ कंप्रतेचे चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे नसल्यामुळे येणाऱ्या त्रुटींचे निवारण.

एफ्. ब्लॉख व ई. एम्. पर्सेल यांनी १९४६ साली अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे प्रयोग स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९५२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. आर्. बी. मून व जे. एच्. रिचर्ड्‌स यांनी १९७३ मध्ये तांबड्या कोशिकांतील फॉस्फरसाच्या वर्णपटावरून कोशिकांतर्गत पीएच मूल्य काढले. पुढील वर्षी ऑक्सफर्ड येथे डी. आय्. हौल्ट, जी. के. रॅडा व इतरांनी उंदराच्या पायाच्या ताज्या स्नायूत फॉस्फोक्रिएटीन व एटीपी (कोशिकेला ऊर्जा पुरविणारे संयुग) यांचे संकेत नोंदविले.

जे. जे. एच्. ॲकरमन व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये त्वचेलगत ठेवावयाचे पृष्ठ-वेटोळे वापरले. त्यामुळे दुर्बल संकेत टिपता आले. पण नवी अडचणही आली. वर्तुळाकार वेटोळ्याच्या अक्षावर, त्याच्या त्रिज्येइतक्या खोलीवर, क्षेत्र मध्यातील क्षेत्राच्या सु. ३५ टक्केच असते. म्हणून मध्याजवळ चुंबकन ९०° ने कलविणारा स्पंद त्या खोलीवर ते सु. ३२° नेच कलवितो. संकेत ग्रहण करतानाही वेटोळ्याची संवेदनशीलता अशीच घटते.

दोन संयुगांचे गुणोत्तर घेतल्यास ही त्रुटी आपोआप निघून जाईल, असे प्रथमदर्शनी वाटते. ग्रहणातील घट खरोखरच निघून जाते. कलनकोनाची मात्र जात नाही, कारण दोन संयुगांचे शिथिलनकाल (चुंबकन पूर्वस्थितीस येण्याचे काल) भिन्न असतात. समजा, फॉस्फोक्रिएटीनाचा शिथिलनकाल ४ सेकंद, एटीपीचा २ सेकंद आणि स्पंदांमधील अंतर १ सेकंद आहे. खरे गुणोत्तर २·० असल्यास ९०° कोनाला ते १·१२, तर ४५° कोनाला १·४३ दिसेल. स्थानिक कोन ठाऊक नसेल, तर निरोगी ऊतक रोगट ठरण्याचा संभव असतो.

या विषमतेला तोंड देण्याचे तीन मार्ग निघाले. पहिल्यात तिचाच उपयोग केला गेला : हौल्ट यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत क्षेत्राच्या उतारावरून संकेताचे स्थान ओळखले जाते. दुसऱ्यात स्पंदच असा घडविला जातो की, क्षेत्र एका मर्यादेपेक्षा अधिक असले म्हणजे कलनकोन जवळजवळ सारखाच राहतो. अशा ॲडियाबॅटिक स्पंदांत कंप्रता क्रमाक्रमाने बदलत नेतात. एम्. गारवुड व सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास कोणताही इष्ट कोन देणारे असे स्पंद विकसित केले. मात्र त्यांना अधिक शक्ती लागते व ऊतक तापण्याची मर्यादा आड येते. तिसऱ्या मार्गात क्षेत्र मोजून किंवा गणिताने काढून प्रत्येक घटकखंडाच्या संकेतास दुरुस्ती-गुणक लावतात. ई. के. इन्स्को व एल्. बोलिंजर यांची दोन कोनांची पद्धत (१९९३) या प्रकारची आहे. हायड्रोजनावरून काढलेला क्षेत्राचा नकाशा थेट वापरता येत नाही. कारण फॉस्फरसाची कंप्रता हायड्रोजनाच्या सु. ४० टक्केच असते व वेटोळेही बहुधा वेगळे असते. फॉस्फरसाचा संकेत दुर्बल असल्याने त्याचा स्वतंत्र नकाशा काढण्यास वेळ फार लागतो. यास्तव वेटोळ्यात ज्ञात फॉस्फरस संयुगाची कुपी ठेवून तेथील कोन मोजतात आणि इतरत्रचा कोन वेटोळ्याच्या भूमितीवरून काढतात.

या दुरुस्तीचे महत्त्व हृदयरोगात स्पष्ट होते. एस्. नॉयबाउअर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हृदयस्नायू विस्फारण्याच्या विकाराच्या ३९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फॉस्फोक्रिएटीन व एटीपी यांचे गुणोत्तर १·६० पेक्षा कमी असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. हृदय वेटोळ्यापासून दूर, छातीच्या स्नायूंमागे असते. म्हणजे कोन अनिश्चित असतो नेमक्या त्याच जागी हे गुणोत्तर काढावे लागते. वरील उदाहरणात केवळ कोनामुळे पडलेला फरक ०·३ इतका आहे. त्यामुळे दुरुस्ती कोणत्या रीतीने केली हे नमूद केल्याशिवाय निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना विश्वसनीय ठरत नाही.