हरताळ, मुद्रा आणि पाठांतर



सेनगावहून नर्सी नामदेवाला एकादशीस जाणे आता गुडघ्यांमुळे होत नाही. घरी जुनी गाथा चाळत बसतो. परवा एका पानावर तांबड्या पेन्सिलीची खूण दिसली आणि जुनी फजिती आठवली. ती सांगण्याआधी थोडे मागे जाऊ.

पूर्वी पोथ्या बोरूने लिहीत. अक्षर चुकले तर त्यावर हरताळ, म्हणजे पिवळे खनिज कालवून फासत आणि वाळले की वर नीट अक्षर काढीत. ‘हरताळ फासणे’ हा बोल तिथला. आज आपण तो केलेल्या कामावर पाणी फिरवण्यासाठी वापरतो. पोथी लिहिणाऱ्याच्या हातात मात्र तो शुद्धीचा उपाय होता.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. हाताचे अक्षर दगडावर उतरवायचे आणि त्याचे छाप घ्यायचे, म्हणून त्या पोथ्या हस्तलिखितासारख्याच दिसतात. शाईत चरबी असेल या शंकेने सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नसत. 1845 साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवरच काढली. तुकोबारायांची गाथा ‘इंदुप्रकाश’ छापखान्यातून 1869 पासून निघाली, ती खिळ्यांची; सरकारने त्या कामी 24,000 रुपये दिले होते.

खिळे जुळवणारा तो जुळारी, आणि चुका पाहण्यासाठी काढलेला पहिला छाप ते मुद्रित. मुद्रा शब्द आपल्याला परका नाही. गोपीचंदनाची मुद्रा आपण अंगावर लावतो, अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा असते.

आता फजिती. तरुणपणी एका छापील गाथेवरून मी एक अभंग पाठ केला. त्यात ‘माव’ असे होते. माव म्हणजे माया, कपट. त्यावर दहा-बारा वर्षे रंगवून निरूपण केले, श्रोते माना डोलवीत. एकदा नर्सीला कीर्तन आटोपल्यावर टाळकऱ्यांतले एक म्हातारे बाबा जवळ आले. त्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणाले, “महाराज, आमचा बाप तं भाव म्हणायचा. तुम्ही माव काऊन म्हणता?” मी गाथा उघडून दाखवली. “मंग पुस्तकच चुकलं असंल,” म्हणाले आणि गेले.

दुसरी प्रत मिळवून पाहिली. तिथे ‘भाव’. भ आणि म यांचे खिळे दिसायला सारखे. जुळाऱ्याचा हात चुकला, मुद्रित तपासणाऱ्याची नजर चुकली, आणि मी त्यावर तत्त्वज्ञान उभे केले!

संस्कृतात ‘पाठांतर’ म्हणजे दुसरा पाठ, प्रतीप्रतींतला फरक. शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करताना नाथमहाराजांनी तो शब्द याच अर्थाने घातला आहे. आपल्या बोलीत पाठांतर म्हणजे तोंडपाठ. त्या बाबांच्या मुखात दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते, आणि मी पंडित म्हणवून त्यांना छापील पान दाखवत होतो.

पेन्सिलीने मी त्या जागी भ केला. पण ज्या गावांत ‘माव’ सांगून आलो, तिथे कोणी तो तसाच पाठ केला असेल, त्याच्यासाठी हरताळ कुठून आणू?