प्राथमिक शाळेतील प्रवेश : अर्जाकडून हक्काकडे (इ. स. १८५६ ते २०२४)

प्रस्तावना :
मुलाचा प्राथमिक शाळेतील प्रवेश ही आज नित्याची प्रशासकीय बाब समजली जाते. प्रवेशअर्ज, जन्मतारखेचा पुरावा, दाखलखारीज नोंदवहीतील क्रमांक आणि वर्गातील जागा एवढाच तिचा विस्तार दिसतो. तथापि प्रवेश नाकारण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न विचारल्यास याच साध्या प्रक्रियेत सामाजिक इतिहास दडलेला आढळतो. प्रस्तुत लेखात या अधिकाराच्या संकोचाचा मागोवा घेतला आहे.

धारवाडचा अर्ज :
१८५४ च्या वुडच्या खलित्याने सामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारी तत्त्वतः सरकारवर टाकली. त्यानंतर दोनच वर्षांनी, जून १८५६ मध्ये, तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथील एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. नेहमीची फी देण्याची तयारी असूनही सरकारी शाळेत आपणास प्रवेश मिळत नाही, अशी त्याची तक्रार होती. अर्जदाराची बाजू तत्त्वतः न्याय्य असल्याचे सरकारने मान्य केले. मात्र एका मुलासाठी इतर विद्यार्थी शाळा सोडून जाण्याचा धोका पत्करणे योग्य नाही, असा निर्णय दिला. असा अर्ज करणारा हा पहिलाच महार असल्याचेही सरकारने नमूद केले. अर्जदार एकटा का, याचे उत्तर त्या नकारातच होते. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी खर्चाच्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असाव्यात, असे स्पष्ट केले.

तत्त्व आणि व्यवहार :
तत्त्व जाहीर झाले, तरी शाळेचा दरवाजा सर्वत्र उघडला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर निवेदन सादर करून किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. आयोगाने जातीच्या कारणावरून सरकारी शाळेत प्रवेश नाकारू नये हे तत्त्व उचलून धरले. परंतु विरोध असेल तेथे स्वतंत्र शाळांचा मार्गही सुचविला.

प्रवेश मिळाला म्हणजे समान स्थान मिळाले, असेही नव्हते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत दाखल झाले. वर्गात मात्र त्यांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ उघडल्याशिवाय पाणी मिळत नसे, हे त्यांनी पुढे आत्मकथनपर लेखनात नोंदविले आहे. नोंदवहीत नाव आणि वर्गात जागा या दोन वेगळ्या बाबी होत्या.

सक्तीकडून हक्काकडे :
सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक मात्र पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा आदेश दिला. या दोन निर्णयांचा परस्परसंबंध महत्त्वाचा आहे. पहिल्याने मूल शाळेत आणण्याची जबाबदारी निश्चित केली. दुसऱ्याने ते कोणाच्या शेजारी बसेल, हा प्रश्न सोडविला.

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यघटनेच्या अनुच्छेद २९(२) ने शासकीय व अनुदानित संस्थांत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणांवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची वा पालकाची चाचणी घेता येत नाही. तसेच विनाअनुदानित खाजगी शाळांनी इयत्ता पहिलीतील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, अशा तरतुदी त्यात आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना या तरतुदीतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली व ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

समारोप :
धारवाडच्या मुलाचा अर्ज ही विनंती होती. आजचा अर्ज हा हक्काचा दस्तऐवज आहे. या दोहोंमधील अंतर केवळ कायद्याने कापले गेले नाही. प्रत्येक टप्प्यावर तत्त्व मान्य करून व्यवहारात अपवाद शोधण्याची प्रवृत्ती दिसते आणि तो अपवाद दूर करण्यासाठी स्वतंत्र संघर्ष करावा लागला. हा संघर्ष स्थानिक पातळीवर समजून घ्यावयाचा असेल, तर गावोगावच्या जुन्या शाळांतील दाखलखारीज नोंदवह्या हे मोलाचे साधन आहे. कोणाचे नाव कोणत्या वर्षी प्रथम आले आणि ते किती इयत्तांपर्यंत टिकले, हे त्यांतून समजते. कागद जीर्ण होऊन नष्ट होण्यापूर्वी त्यांचे जतन व अभ्यास होणे अगत्याचे आहे.