लिंड, व्हेस्पर

इयन फ्लेमिंग यांच्या ‘कॅसिनो रोयाल’ (१९५३) या पहिल्या जेम्स बाँड कादंबरीची नायिका. ब्रिटिश गुप्तहेर खात्यातील सोव्हिएत विभागप्रमुखाची साहाय्यक. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील एका काल्पनिक गावात तिला बाँडच्या मदतीला पाठवले जाते. सोव्हिएतांचा हस्तक ल शिफ्र याने त्यांचाच पैसा उधळलेला असतो आणि जुगाराच्या पटावर त्याला कफल्लक करायचे असते. कामगिरीवर बाई पाठवली म्हणून बाँड आधी चिडतो, मग तिच्यात गुंततो. जिन, व्होडका आणि किना लिले यांच्या आपल्या खास मिश्रणाला तो तिचेच नाव देतो.

पुढे तिचे अपहरण होते. पाठलाग करणारा बाँड पकडला जातो, त्याचे अनन्वित हाल होतात. स्मर्श या सोव्हिएत संघटनेचा मारेकरी ल शिफ्रला गोळी घालतो, तेव्हा बाँड सुटतो. तो बरा झाल्यावर दोघे समुद्रकाठी राहायला जातात. बाँड लग्नाचा विचार करत असतानाच एका डोळ्यावर काळी पट्टी लावलेला माणूस मागावर दिसतो. व्हेस्पर खचते आणि झोपेच्या गोळ्या घेऊन जीव देते. तिच्या पत्रातून उलगडते ते असे: ब्रिटिश हवाई दलातला तिचा पोलिश प्रियकर सोव्हिएतांच्या कैदेत होता आणि त्याच्या जिवासाठी ती त्यांना माहिती पुरवत होती. अपहरणही बनावच होता.

हे पत्र वाचल्यावर कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचावी. बाँडच्या नजरेतून दिसणारी बावरलेली तरुणी तेव्हा वेगळीच भासते. बाँड पत्ते खेळत असतो. दोन्ही बाजूंना अंधारात ठेवण्याचे खरे हेराचे काम तिचे असते, आणि तेही एकटीचे. नायकाची प्रेयसी एवढीच तिची ओळख सांगणे अन्यायाचे आहे. पत्र वाचून बाँड तिच्याविषयी तुच्छतेने बोलतो, हे कादंबरीतले सर्वांत निष्ठुर स्थळ. फ्लेमिंग यांना ते पुरते मान्य नसावे. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ या नंतरच्या कादंबरीत (१९६३) बाँड दरवर्षी तिच्या कबरीवर जातो.

‘कॅसिनो रोयाल’वरच्या १९६७च्या विडंबनपटात ही भूमिका उर्सुला अँड्रेस यांनी केली. २००६च्या चित्रपटात एव्हा ग्रीन यांची व्हेस्पर ब्रिटिश अर्थखात्याची अधिकारी आहे आणि ती व्हेनिसमध्ये बुडून मरते. तिथे मात्र पैशांचा हिशेब तिच्या हाती असतो, आणि बाँडला ती पहिल्या भेटीपासून बरोबरीने उत्तर देते.