शर्लीचा गाल आणि आईचे गोंदण

वस्तीतल्या वाचनालयात जुन्या छायाचित्रांचे छोटे प्रदर्शन मांडायचे ठरले, तेव्हा मी घरातला १९८४ सालचा एक रंगीत फोटो काढला. थोरल्या बहिणीच्या लग्नातला. नवरीशेजारी आई उभी. स्कॅन करून, मॉनिटरकडे बघत बघत त्याचे विटलेले रंग सावरले. पडद्यावर आई ठीक दिसत होती. कागदावर आली ती डोळे आणि दात सोडले तर नुसता काळा गोळा. शहरातल्या एका फोटो-लॅबमध्ये गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काळजी करू नका सर, माणसं उजळ करून देतो.” दिली. आई गव्हाळ झाली आणि तिच्या कपाळावरचे गोंदण नाहीसे झाले.

ह्या उजळ करण्याला इतिहास आहे.

रंगीत फोटो छापणाऱ्या यंत्राला कुठला तरी रंग ‘बरोबर’ म्हणून दाखवावा लागतो. बाकीचे रंग त्या मापाने बसतात. १९५४ साली अमेरिकन सरकारने फिल्मच्या किमतीतच धुलाईचे पैसे घेण्याची कोडॅकची पद्धत बंद पाडली. स्वतंत्र लॅब निघाल्या. त्यांच्या यंत्रांचे माप जुळावे म्हणून कोडॅक एक नमुना-छायाचित्र पाठवू लागली. त्यात एक गोरी तरुणी. पहिली शर्ली नावाची, कोडॅकमधलीच नोकरदार. पुढे मुली बदलल्या, नाव ‘शर्ली कार्ड’ हेच राहिले. तिचा गाल नीट उतरला की यंत्र नीट! शाळेच्या एकत्र फोटोत गोरी मुले स्वच्छ येत, काळ्या मुलांचे नाकडोळे बुजून जात.

कोडॅकला जाग आली ती मात्र ह्या मुलांमुळे नव्हे. कॅनडातील संशोधिका लोर्ना रॉथ यांनी २००९ साली कोडॅकच्या जुन्या माणसांच्या मुलाखतींतून हे नोंदवले आहे. चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी तक्रार केली, की आमच्या मालाच्या तपकिरी छटा वेगळ्या ओळखू येत नाहीत. तेव्हा फिल्म सुधारली. लाकडाला न्याय मिळाला आणि माणसाला तो त्याच्या पाठोपाठ, फुकटात. गोऱ्या शर्लीशेजारी इतर वर्णांच्या स्त्रिया कार्डावर यायला १९९० नंतरची वर्षे उजाडावी लागली.

ज्यांना काळा चेहरा स्पष्ट हवा होता, त्यांनी तो आधीच मिळवला होता. दक्षिण आफ्रिकेत काळ्यांना जवळ बाळगाव्या लागणाऱ्या पासबुकांसाठी पोलरॉइडचे कॅमेरे वापरले जात. १९७० साली कंपनीतल्याच कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स ह्या दोन काळ्या कामगारांनी हा व्यवहार उघड करून बहिष्काराची हाक दिली. हंटरची नोकरी गेली. कंपनी तिथून निघाली ती १९७७ साली. आपल्याकडे ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर १९७२ साली उभी राहिली, म्हणजे काळ तोच; पण हा लढा मला फार उशिरा कळला.

इथे एक गैरसमज टाळतो. जात म्हणजे कातडीचा रंग, असे मी म्हणत नाही. अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही, हे बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ग्रंथात दाखवलेच आहे. आमच्या वस्तीतही गोरी माणसे आहेत. पण काळ्याला ‘सुधारायचे’ ही सवय जातीइतकीच सहज अंगवळणी पडते, आणि ती आमच्याही घरात आहे. लग्नाच्या फोटोत सून उजळ करून मागणारे आम्हीच असतो.

छापखान्यात काम करणारा एक मित्र मापाचे उपकरण घेऊन आला. पडद्यावर ठेवले की ते एकामागून एक रंग मोजते. पांढऱ्याचे माप ६५०० केल्विन, गॅमा २.२. माझा मॉनिटर नको तितका लख्ख ठेवलेला निघाला. म्हणून पडद्यावर ठीक वाटलेली आई कागदावर काळवंडली. तो दोष माझाच. मग प्रिंटरवर शेकडो रंगीत चौकोन छापले, दुसऱ्या उपकरणाने ते मोजले आणि त्या कागदाची, त्या शाईची प्रोफाइल तयार केली. रंग पुन्हा सावरले. चौथ्या कागदावर आई आली: सावळी, घामाने चमकणारी, कपाळावर हिरवट गोंदण.

प्रदर्शनात मावशी त्या फोटोपाशी थांबली. पदराने काच पुसली आणि म्हणाली, “ही आमची आक्का.”