तीन मिनिटांचा नियम कुठे लिहिला आहे?

अल्ट्रामॅन पृथ्वीवर तीनच मिनिटं तग धरतो, हे जपानमध्ये शाळकरी पोरसुद्धा सांगेल. छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकू लागला की वेळ संपत आली. मग हातांची फुली करायची, किरण सोडायचा, राक्षसाच्या ठिकऱ्या उडतात आणि नायक आभाळात निघून जातो. पण १७ जुलै १९६६ ते ९ एप्रिल १९६७ या काळात टीबीएस वाहिनीवर दाखवलेले मूळ ३९ भाग क्रमाने पाहत गेलं, तर निवेदकाच्या तोंडी हा तीनचा आकडा येत नाही. तो सांगतो ते इतकंच: सूर्यापासून मिळालेली त्याची शक्ती पृथ्वीवर झपाट्याने खर्च होते, ती सरत आली की दिवा लुकलुकतो, आणि दिवा विझला तर तो पुन्हा कधीच उठणार नाही. आकडा पक्का झाला तो मुलांच्या मासिकांतून आणि पुढच्या मालिकांतून.

या मालिकांवर 'एकाच साच्याच्या' असा शिक्का बसलेला आहे. नियोजनाचे मसुदे, शिल्पकाराची रेखाटनं, चित्रीकरणाचा आणि प्रक्षेपणाचा क्रम, आणि प्रत्यक्ष फिल्म हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं की वेगळंच दिसतं. साचा आधी घडवला आणि गोष्टी नंतर ओतल्या, असं झालेलं नाही. एकेका अडचणीतून एकेक नियम निघाला. आणि तो रुळतो न रुळतो तोच, ज्यांनी तो केला त्याच लोकांनी त्याची उलटतपासणी सुरू केली.

सुरुवात मसुद्यांपासून करू. एइजी त्सुबुराया यांच्या संस्थेची आधीची मालिका 'अल्ट्रा क्यू' कृष्णधवल होती आणि तिच्यात महानायक नव्हताच. विमान चालवणारा एक विज्ञानकथालेखक, त्याचा मदतनीस आणि वर्तमानपत्रातली एक छायाचित्रकार तरुणी अशी साधी माणसं दर आठवड्याला एखाद्या अजब घटनेला सामोरी जायची. पुढच्या मालिकेच्या पहिल्या मसुद्याचं नाव 'बेमुलर'. त्यात संरक्षण पथक आहे, आणि त्याच्या मदतीला येतो चोच आणि पंख असलेला एक अजस्र प्राणी. अडचण उघड होती. दोन काइजू, म्हणजे दोन महाकाय राक्षस, भिडले तर आपला कोणता हे प्रेक्षकाला कळणार कसं? पुढचा मसुदा 'रेडमॅन'. त्यात नायक माणसाच्या आकाराकडे सरकतो. तिसऱ्या पायरीवर 'अल्ट्रामॅन'. 'बेमुलर' हे नाव मात्र टाकून दिलं नाही. पहिल्या भागात अल्ट्रामॅन ज्याचा पाठलाग करत पृथ्वीवर येतो, त्या राक्षसाला ते देऊन टाकलं. मसुद्यातला नायक पडद्यावर पहिला शत्रू होऊन आला.

नायकाचं रूप तोरु नारिता यांचं. त्यांनी रेखाटलेल्या देहावर छातीचा दिवा नाही. तो नंतर बसवला गेला, आणि नारितांना तो शेवटपर्यंत रुचला नाही. १९८३ साली त्यांनी अल्ट्रामॅनचं चित्र रंगवलं तेव्हा त्यातून तो वगळला. मग दिवा हवा कशाला होता? मालिका रंगीत होती, पण १९६६ साली जपानमध्ये रंगीत संच फारच थोड्या घरांत होते. निळ्याचा लाल झालेला बहुतेक मुलांना दिसणारच नव्हता. म्हणून तो लुकलुकतो आणि त्याला आवाज आहे. करड्या पडद्यासमोर बसलेल्या मुलालाही कळावं की आता घाई आहे. शिवाय ज्याला हरवणं कठीण, अशा नायकाच्या झुंजीत काळजी निर्माण करायची तर त्याच्यावर कसली तरी मर्यादा घालावीच लागते. आणि लघुप्रतिकृतींच्या शहरातलं चित्रीकरण खर्चाचं. झुंज आटोपशीर ठेवायला या नियमाची मदत झाली नसेल असं मला वाटत नाही.

मुखवट्याचीही अशीच गोष्ट आहे. पहिल्या १३ भागांत वापरलेल्या मुखवट्याची कातडी मऊ आहे, तोंडाजवळ सुरकुत्या पडलेल्या स्पष्ट दिसतात. ओठ हलावेत अशी मूळ योजना होती. ती सोडून दिली, आणि पुढच्या दोन मुखवट्यांचे चेहरे गुळगुळीत, टणक झाले. नायक बोलत नाही, हुंकारतो. बोलतो तो मोजक्या जागी. त्यामुळे त्याची अवस्था सांगायची जबाबदारी निवेदकावर आली, आणि भावना दाखवायची सारी जबाबदारी पोशाकात असलेल्या बिन फुरुया यांच्या शरीरावर. किंचित वाकून, हात पुढे धरून उभं राहण्याची त्यांची ढब आज या प्रकाराची खूण मानली जाते.

आता चित्रीकरणाचा क्रम. पडद्यावर पहिला आलेला भाग सर्वांत आधी चित्रित झालेला नाही. दिग्दर्शक तोशिहिरो इइजिमा यांच्याकडे दिलेल्या भागांचं काम आधी झालं, आणि त्यातला एक म्हणजे दुसऱ्या क्रमांकाने दाखवलेला बाल्टनचा भाग. स्वतःचा ग्रह गमावलेले बाल्टन जंतूंएवढे लहान होऊन यानातून आलेत. त्यांची संख्या २ अब्ज ३ कोटी. संरक्षण पथकातला हायाता, म्हणजे अल्ट्रामॅनचं माणसातलं रूप, त्यांच्याशी चक्क वाटाघाट करतो. इथले कायदे पाळणार असाल तर राहा, नाहीतर मंगळावर जा. मंगळ त्यांना चालत नाही, कारण तिथे स्पेसियम नावाचा पदार्थ आहे आणि तो त्यांना सोसत नाही. अल्ट्रामॅनच्या किरणाचं नाव स्पेसियम आहे ते उगीच नाही. शेवटी अल्ट्रामॅन यान नष्ट करतो, आणि यानात ते सगळे आहेत. ठरावीक शेवट म्हणून ज्याची पुढे सवय झाली, तो किरण या सुरुवातीच्या गोष्टीतच एका फसलेल्या वाटाघाटीनंतर येतो, हे विसरून चालणार नाही.

राक्षसांच्या पोशाकांचा माग काढणं तर फार सुखाचं काम आहे, कारण त्यांचा पुरावा थेट फिल्मवरच आहे. १९६५ सालच्या एका तोहो चित्रपटातला बारागोन घ्या. चार पायांवर चालणारा, पाठीवर खवल्यांच्या पट्ट्या. तोच पोशाक डोकं बदलून 'अल्ट्रा क्यू'मध्ये पागोस झाला. 'अल्ट्रामॅन'च्या तिसऱ्या भागात वीज खाणारा नेरोंगा झाला, आठव्या भागात मागुलर, आणि नवव्या भागात मानेभोवती पाकळ्या लावून गाबोरा. पुढच्याच आठवड्यात, १८ सप्टेंबर १९६६ रोजी, जिरास आला. तो म्हणजे मानेला झालर लावलेला गॉडझिला. झुंजीत अल्ट्रामॅन ती झालर उपटून काढतो तेव्हा खाली ओळखीची मान उघडी पडते. दर आठवड्याला नवा राक्षस आणि त्याच भागात त्याचा अंत या नियमामागे कथेची गरज आहेच, पण एकदा मेलेल्याची कातडी पुढच्याला मिळते ही सोयही आहे.

दुसरा मार्ग शक्य होता, याचा पुरावाही समकालीनच आहे. ४ जुलै १९६६ रोजी, म्हणजे 'अल्ट्रामॅन'च्या १३ दिवस आधी, फुजी वाहिनीवर ओसामु तेझुकांच्या कथेवरची 'मॅग्मा ताइशी' सुरू झाली. तिच्यात एक राक्षस साधारण चार भाग पुरायचा, आणि नायकाला बोलवायला मामोरु नावाचा मुलगा शिट्टी फुंकायचा. 'जायंट रोबो'मध्येही (ती आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर अनेकांनी पाहिली) आज्ञा देणारा मुलगाच आहे. 'अल्ट्रामॅन'ने बोलावणारा आणि धावून येणारा ही दोन टोकं एकाच माणसात आणली. पहिल्या भागात अल्ट्रामॅनच्या लाल गोळ्याशी टक्कर होऊन हायाता मरतो, आणि अपराधी वाटून अल्ट्रामॅन त्याला आपला प्राण देतो. दोघांत एक प्राण. हे गुपित सहकाऱ्यांपासून लपवायचं, हाही एक नियम.

या सगळ्या नियमांची खरी परीक्षा १८ डिसेंबर १९६६ च्या २३ व्या भागात होते. पटकथा मामोरु सासाकी यांची, दिग्दर्शन अकिओ जिस्सोजी यांचं. शांतता परिषदेला येणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले होत आहेत. पॅरिसहून आलेला अधिकारी सांगतो की हल्लेखोर जामिला हा राक्षस नाही, माणूस आहे. अंतराळ स्पर्धेत पाठवलेला, भरकटून निर्जल ग्रहावर पडलेला आणि देशाने लपवून ठेवलेला अंतराळवीर. वरून आदेश असा, की हे जगाला कळू न देता त्याला राक्षस म्हणूनच मारायचं. पथकातला इदे शस्त्र टाकतो. अल्ट्रामॅन इथे किरण सोडत नाही. हातांतून पाण्याचा झोत सोडतो, कारण बिनपाण्याच्या ग्रहावर बदललेल्या त्या देहाला पाणीच मारतं. जामिला चिखलात रांगत, राष्ट्रांचे झेंडे चिरडत, तान्ह्या मुलासारखं रडत मरतो. पडद्यावर हे बराच वेळ चालतं. नंतर त्याच्यासाठी फ्रेंच मजकुराची एक पाटी दिसते. तिच्यावर १९६० ते १९९३ अशी सालं कोरलेली आहेत आणि विज्ञानाच्या प्रगतीसाठी बलिदान दिल्याचा गौरव आहे. इदे तिच्याकडे पाहून म्हणतो की बलिदान नेहमी असंच, शब्दच तेवढे सुंदर. मालिकेचा काळ कोणता याचा दुर्मीळ लिखित पुरावा म्हणून अभ्यासक या पाटीकडे बोट दाखवतात. मला मात्र ती आधी एक खोटा दस्तऐवज वाटते: ज्याला मारायचा हुकूम दिला, त्याच्याच नावाने काढलेलं मानपत्र. प्रेक्षकांनी ज्या शेवटाची वाट पाहायला नुकतंच शिकलं होतं, तोच त्यांना असह्य करून दाखवला.

संहिता विभागाचे प्रमुख तेत्सुओ किन्जो यांनी तोच धागा शेवटाकडे नेला. २६ मार्च १९६७ च्या ३७ व्या भागात इदे विचारतो की आपण कितीही नवी शस्त्रं काढली तरी शेवटी अल्ट्रामॅनच येऊन जिंकतो, मग आपण आहोत कशाला? पिग्मोन नावाचा चिमुकला प्राणी त्याला वाचवताना मरतो, तेव्हा तो भानावर येतो, आणि शेवटचा घाव अल्ट्रामॅन घालत नाही, इदे घालतो. या भागाला ४२.८ टक्के प्रेक्षक लाभले, मालिकेतला सर्वोच्च आकडा. दोन आठवड्यांनी, ३९ व्या भागात, झेट्टन नावाचा राक्षस छातीचा दिवा फोडतो आणि अल्ट्रामॅन हरतो. झेट्टनला मारतात ती माणसं, स्वतः बनवलेल्या शस्त्राने. त्याला न्यायला आलेल्या, त्याच्याच जगातल्या झोफीला अल्ट्रामॅन सांगतो की हा प्राण हायाताला द्या. झोफी दोन प्राण घेऊन आलेला असतो. हायाता उठतो तेव्हा त्याला फक्त पहिल्या भागातली ती टक्कर आठवते. दर आठवड्याला सुटी वाटणारी गोष्ट अशी एका सलग धाग्यात बांधली जाते.

मालिका थांबली ती प्रेक्षक घटले म्हणून नव्हे. काम वेळेत पुरं होईना. १६ एप्रिलपासून त्या वेळेला तोएई कंपनीची 'कॅप्टन अल्ट्रा' लागली, आणि त्सुबुराया संस्था १ ऑक्टोबरला 'अल्ट्रा सेव्हन' घेऊन परतली. तिच्यात, जुलै १९६८ मध्ये, किन्जो यांनी नोनमाल्टची गोष्ट लिहिली. समुद्रतळाशी राहणारे नोनमाल्ट म्हणतात की पृथ्वी मुळात आमची, आक्रमक माणसंच आहेत. किन्जो ओकिनावाचे, तिथल्या युद्धात त्यांच्या आईने पाय गमावला होता, आणि तो प्रदेश १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होता. त्यामुळे हा भाग अनेकजण ओकिनावाची कैफियत म्हणून वाचतात, आणि त्या वाचनाला आधार आहे. तरी मी आधी पटकथेपाशी थांबेन, कारण तिच्यात आहे तेच पुरेसं कठोर आहे. पथकाचा कप्तान किरियामा हा दावा ऐकून क्षणभर घुटमळतो, मग खालचं शहर उडवून देतो आणि समुद्रही आता आपलाच म्हणून आनंदाने ओरडतो. त्याने मारलं ते आक्रमकांना की मूळ रहिवाशांना, याचा निवाडा पटकथा देत नाही.